न्हाणीघराचे दार आणि आपला धंदा

मुलगा कुवेतला किंवा दुबईला, घरात म्हातारे अब्बा-अम्मी आणि सोबतीला एक सून. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावर असे घर शोधायला लांब जावे लागत नाही. एक दिवस अब्बांना अर्धांगवायूचा झटका येतो. जीव वाचतो, पण उजवी बाजू लुळी पडते. मुलगा पैसे पाठवतो, चाकाची खुर्ची येते, आणि मग कळते की खुर्ची न्हाणीघराच्या दारातून आत जात नाही. दार दोन फुटांचे, खुर्ची त्याहून दोन-तीन इंच रुंद. तेवढ्या दोन-तीन इंचांपायी अब्बांना दोघांनी उचलून न्यावे लागते. दुसरा माणूस घरात नसला तर सारे खाटेवरच.

‘आमच्यात आईबापांना आश्रमात ठेवत नाहीत,’ असे आपण अभिमानाने सांगतो. ठीक आहे. पण घरात ठेवून लघवीलाही सुनेची वाट पाहायला लावली, तर त्या म्हाताऱ्याची अब्रू कुठे राहिली? आणि त्या सुनेचे शिवणकाम बंद पडले, त्याचा हिशेब कोणी ठेवला?

पुण्या-मुंबईकडे ‘असिस्टेड लिव्हिंग’ नावाची निवासस्थाने निघाली आहेत. हा वृद्धाश्रम नव्हे आणि इस्पितळही नव्हे. राहणाऱ्याची स्वतःची खोली असते, आणि आंघोळ, कपडे, औषधे यांपुरता मदतनीस मिळतो. अनामत आणि महिन्याचे भाडे छोट्या दुकानदाराला झेपणारे नाही, म्हणून त्यांची भलामण येथे करायची नाही. मात्र त्या जागांत जी सुतारकी, गवंडीकाम आणि लोखंडकाम असते, ते आपल्या घरात करता येते. आणि ते करणारे हात आपल्याच मोहल्ल्यात आहेत.

मापेही तयार आहेत. महारेराने २०२४ साली ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना नियम घालून दिले. दरवाजा ९०० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे सुमारे तीन फुटांपेक्षा, अरुंद नको, शक्यतो सरकता असावा. न्हाणीघरात न घसरणारी फरशी आणि धरायला दांडे हवेत, दार बाहेर उघडावे. हे नियम बिल्डरांसाठी आहेत, आपल्या घरी ते तपासायला कोणी येणार नाही. पण सुताराने ते ध्यानात ठेवावेत. दार बाहेर का उघडायचे? आत पडलेला माणूस दारालाच अडून बसतो, मग दार आत ढकलता येत नाही. कडीही बाहेरून उघडता येईल अशीच बसवावी.

गवंड्याने उतरणीचे एक गणित पाठ करावे. एक इंच उंचीला एक फूट लांबी. सहा इंचांचा उंबरठा असेल तर सहा फुटांचा उतार. कोकणातल्या घराचे जोते दोन फूट असले तर चोवीस फूट हवेत, आणि अंगण तेवढे नसते. अशा वेळी मध्ये सपाट टप्पा देऊन उतार वळवावा. जागा नाही म्हणून उभा घसरगुंडीसारखा उतार करून देणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत. त्यापेक्षा पायऱ्या बऱ्या.

संडासाची बैठक जमिनीपासून ४५० ते ४८० मिलिमीटर, म्हणजे अठरा-एकोणीस इंच. खाटही खुर्चीच्या बैठकीइतकीच उंच असली की माणूस सरकत खुर्चीवर येतो. बुटक्या खाटेला पायाखाली लाकडी ठोकळे लावून ही उंची मिळते, मात्र ठोकळ्याला खाच हवी, नाहीतर खाट निसटते. वजूसाठी खाली बसणे ज्यांना जमत नाही त्यांना भिंतीत पक्की बैठक आणि समोर हाताशी येईल असा नळ करून द्यावा. पाणी सांडून फरशी ओली राहणार नाही, एवढा ढाळ काढावा.

आता फॅब्रिकेशनवाल्यांसाठी. पाइप ३८ ते ४५ मिलिमीटर व्यासाचा, भिंतीपासून दोन इंच सुटा, म्हणजे मूठ नीट बसते. टॉवेलचा दांडा हा आधाराचा दांडा नव्हे. त्यावर एक दिवस पूर्ण माणसाचे वजन येणार आहे, म्हणून खिळा नुसत्या टाइलमध्ये नको, आतल्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये अँकर बोल्ट घट्ट बसला पाहिजे. ठिसूळ चिऱ्याच्या भिंतीत तो धरत नाही, तेथे जमिनीतून उभा पाइप काढावा. स्टील ३०४चे वापरावे, २०२ स्वस्त पडते पण खाऱ्या हवेत लवकर गंजते. आणि घरी जाऊन आधी विचारावे, कोणता हात चालतो? उजवी बाजू गेलेल्या माणसाला उजवीकडचा दांडा काय कामाचा!

गिऱ्हाइकाला आणखी एक गोष्ट सांगता येईल. म्हातारपणी आलेल्या अपंगत्वाचाही दाखला निघतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्याला वयाची अट नाही, ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व ठरले की कायद्याच्या खास सवलतींसाठी अर्ज करता येतो. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ साली सुरू झाली. तिच्यात गरीब घरांतील साठीपुढच्या वृद्धांना काठी, वॉकर, चाकाची खुर्ची, कानाचे यंत्र अशी साधने फुकट देण्याची तरतूद आहे. तालुक्याला शिबिर लागले की नाव नोंदवावे.

मजुरीचे बोलायचे तर फुटावर किंवा किलोवर भाव सांगू नका. चार फूट पाइपात काय मिळणार? माप घेणे, भोके पाडणे, बसवणे धरून एकूण कामाचा भाव सांगा, आणि महिन्याभराने एकदा जाऊन बोल्ट आवळून द्यायचे हेही त्याच भावात धरा.