मोटारसायकलला मोटारीचा हॉर्न

घाटरस्त्याने मालाने भरलेला एक ट्रक रांगत चालला आहे. मागून येणारा मोटारसायकलस्वार हॉर्नचे बटण दाबतो. ‘पीप पीप’ असा बारीक आवाज होतो. ट्रकच्या इंजिनाच्या घरघरीत तो विरून जातो आणि चालकाला काही पत्ताच लागत नाही. मग एके दिवशी तो स्वार बाजारातून मोटारीला लावायचे दोन दणदणीत हॉर्न आणतो, जुना हॉर्न काढतो आणि त्याच तारांना नवे हॉर्न जोडतो. पहिल्या दिवशी गल्लीतली सगळी मुले गोळा होतात. पण थोड्याच दिवसांत हॉर्न घोगरा होतो, बटण गरम लागू लागते आणि कधीतरी रबर जळल्यासारखा वास येतो. असे का होते बरे? भौतिकशास्त्राच्या वर्गात शिकलेली दोन-तीन सूत्रे येथे थेट कामाला येतात.

आधी हॉर्न वाजतो कसा ते पाहू. शाळेतली विजेची घंटा तुम्हाला ठाऊक आहे. हॉर्न हा तिचाच धाकटा पण दांडगा भाऊ. त्याच्या डबीत तांब्याच्या तारेचे वेटोळे असते, समोर पोलादाचा पातळ पडदा असतो आणि पडद्याच्या मध्यभागी लोखंडाचा एक ठोकळा बसवलेला असतो. बटण दाबले की वेटोळ्यातून प्रवाह वाहतो, विद्युत्‌चुंबक तयार होतो आणि तो ठोकळ्याला आत ओढतो. ठोकळा आत येता येता दोन संपर्कबिंदूंना एकमेकांपासून दूर करतो. प्रवाह तुटतो, चुंबकत्व जाते आणि पडदा आपल्या ताणाने परत बाहेर येतो. संपर्क पुन्हा जुळतो. हे सर्व सेकंदाला सुमारे ४०० वेळा घडते!

पण नुसता ४०० हर्ट्‌झचा स्वर रस्त्यावरच्या गोंगाटात फारसा उठून दिसत नाही. आपला कान सर्वांत तल्लख असतो तो साधारण २,००० ते ५,००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात. म्हणून चपट्या हॉर्नच्या तोंडावर धातूची एक बशीसारखी चकती लावतात. ठोकळा आतल्या गाभ्यावर आपटला की ही चकती झणझणते आणि वरच्या पट्टीतले स्वर बाहेर फेकते. हॉर्नचा कर्कशपणा तिथून येतो. दुसरा प्रकार गोगलगाईच्या शंखासारखा. त्यात चकतीऐवजी गुंडाळलेला कर्णा असतो आणि पडद्याची कंपने त्यातल्या हवेच्या स्तंभातून बाहेर पडतात. आपली तुतारी गुंडाळून डबीत बसवली आहे असे समजा.

मोटारीला बहुधा दोन हॉर्नची जोडी असते. एक ४०० हर्ट्‌झच्या आसपास, दुसरा ५०० च्या. या वारंवारतांचे गुणोत्तर ४:५ आहे. पेटीवर सा आणि शुद्ध गंधार एकदम दाबून पाहा. हॉर्न कर्कश असला तरी बेसूर का वाटत नाही, हे लगेच कळेल.

आता विजेकडे वळू. मोटारसायकलचा मूळ हॉर्न १२ व्होल्टवर साधारण अडीच अँपिअर प्रवाह घेतो. मोटारीचा एकेक हॉर्न साडेचारच्या आसपास घेतो. म्हणजे दोन मिळून ९ अँपिअर, १०० वॉटहून अधिक! ही मागणी पुरवायची कोणी? हँडलवरच्या इवल्याशा बटणाने आणि ०.५ चौरस मिलिमीटर छेदाच्या बारीक तारेने. जाऊन-येऊन ३ मीटर तार धरली, तर तांब्याच्या विशिष्ट रोधावरून तिचा रोध सुमारे ०.१ ओहम येतो (गणित करून पाहा). ०.१ म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण ९ अँपिअर प्रवाहात तेवढ्यानेच ०.९ व्होल्ट तारेत खर्ची पडतात. गंजलेल्या जोडण्या आणि झिजलेले बटण यांचा आणखी तेवढाच रोध धरला, तर १२ व्होल्टांपैकी हॉर्नपर्यंत पोचतात जेमतेम १०. आवाज घोगरा होतो तो यामुळे. दुकानदाराने फसवले असे म्हणण्याआधी हे तपासावे.

उष्णतेचा प्रकार याहून गंभीर आहे. ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अडीचचे ९ अँपिअर झाले म्हणजे प्रवाह साडेतीन पटींहून थोडा अधिक झाला, पण उष्णता मात्र १३ पट! त्यातून बटणाचे संपर्क दर खेपेस ठिणगी पाडून काळे पडतात, त्यांचा रोध वाढतो, म्हणून ते आणखी तापतात. वायरिंगचा हा जुडगा पेट्रोलच्या टाकीखालून जातो, हे लक्षात घ्या.

यावर उपाय आहे ‘रिले’. रिले म्हणजे विद्युत्‌चुंबकाने चालणारे बटण. त्याचे वेटोळे ०.१५ अँपिअरच्या आसपास प्रवाहावर समाधानी असते. हँडलवरच्या बटणाने फक्त रिलेला हाक मारायची, हॉर्नचा ९ अँपिअरचा भार रिलेचे जाड संपर्क घेतात. रिलेच्या पायांवर आकडे असतात. ३० क्रमांकाला बॅटरीच्या धन टोकाकडून १५ अँपिअरच्या फ्यूजमधून आलेली जाड तार, ८७ कडून तार हॉर्नकडे, आणि हॉर्नचे दुसरे टोक बॅटरीच्या ऋण टोकाला. ८५ आणि ८६ ही वेटोळ्याची टोके. जुन्या हॉर्नला आलेल्या दोन तारा त्यांना जोडल्या की झाले. काही गाड्यांत बटण धन बाजूला असते, काहींत ऋण बाजूला. पण दोन्ही तारा वापरल्याने त्याचा विचारच करावा लागत नाही. ही युक्ती मला फार आवडते.

फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. तो हॉर्नजवळ लावला आणि मधली तार कुठे घासून चौकटीला टेकली, तर फ्यूज शाबूत आणि तार लाल, अशी गत होते. हॉर्न बसवतानाही त्याच्याबरोबर आलेली पोलादी पट्टी टाकून देऊ नये. तिच्या लवचिकपणामुळे हॉर्नला मोकळेपणी थरथरता येते. चौकटीला गच्च आवळला की आवाज बसतो. शंखाच्या तोंडाचा रोख मात्र खाली हवा, नाहीतर पावसाळ्यात त्यात पाणी साचते.

आता इतके करून आवाज किती वाढला? एकाच्या जागी तेवढ्याच ताकदीचे दोन हॉर्न लावले तर ध्वनिऊर्जा दुप्पट होते, पण डेसिबलमध्ये वाढ फक्त ३. आवाज ‘दुप्पट मोठा’ वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ऊर्जा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल कमी होतात. २ मीटरवर ११० डेसिबल देणारा हॉर्न ८ मीटरवर ९८ आणि ३२ मीटरवर ८६ उरतो. काचा लावलेल्या केबिनमधल्या चालकापर्यंत त्याहूनही कमी पोचतो. शेजारून चाललेल्या पादचाऱ्याला मात्र पुरेपूर मिळतो! कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबल आवाज दिवसाला ८ तास सोसता येईल असे मानतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करतात. या हिशेबाने ११० डेसिबलला सारा दिवस मिळून दीड मिनिट वाट्याला येते. चौकात उभ्या असणाऱ्या वाहतूक पोलिसाचा दिवस कसा जात असेल, याचे गणित तुम्हीच मांडा.

१९०८ च्या सुमारास अमेरिकेत ‘क्लॅक्सन’ नावाचा हॉर्न निघाला. त्यात दातेरी चाक पडद्यावरच्या खिळ्यावर खडखड घासत असे. त्याचे जनक मिलर रीस हचिसन यांनी त्याआधी कमी ऐकू येणाऱ्यांसाठी विजेवर चालणारे श्रवणयंत्र बनवले होते. आधी लोकांना बहिरे करायचे आणि मग यंत्र विकायचे, अशी थट्टा तेव्हा होत असे.

आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११९ वा नियम एकामागून एक निरनिराळे सूर काढणाऱ्या आणि अवाजवी कर्कश हॉर्नना मनाई करतो. विनाकारण हॉर्न वाजवल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या वेळी १,००० आणि पुढे २,००० रुपये दंड आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालये, शाळा-महाविद्यालये आणि न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो आणि तिथे हॉर्न वाजवता येत नाही. म्हणून विकत घेताना हॉर्न प्रमाणित, एकसुरी आणि १२ व्होल्टचा आहे ना ते पाहावे.

आणि घाटातला तो ट्रक? ताशी ६० किलोमीटर वेगाने मोटारसायकल सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. हॉर्नचा आवाज २० मीटर अंतर ०.०६ सेकंदात कापतो, पण तो ऐकून चालकाने काही करायला निदान एक सेकंद जातोच. तेवढ्यात मधले अंतर संपत आलेले असते. ब्रेकवरचा स्वतःचा हात कोणाच्या ऐकण्यावर अवलंबून नसतो.

पुष्कळदा नवा हॉर्न घ्यायचीही गरज नसते. जुन्या हॉर्नच्या पाठीमागे एक लहान स्क्रू असतो. संपर्कबिंदू झिजले की त्यांच्यातले अंतर बदलते आणि हॉर्न चिरकतो. बटण दाबून हा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत गेले की एका जागी स्वर एकदम खुलतो. जवळच्या गॅरेजमधून एखादा निकामी हॉर्न मागून आणा. शिक्षकांच्या मदतीने कडेचे रिवेट कानशीने घासून तो उघडा आणि वेटोळे, ठोकळा व संपर्कबिंदू ओळखा. बहुतेक वेळा पडदा आणि वेटोळे धडधाकट सापडतील. बिघडलेली असतील ती काळवंडलेली संपर्कबिंदूंची जोडी.