तुमची रील आधी की त्यांची? नेट न्यूट्रॅलिटीचा वाद नेमका काय आहे

पुणे-सोलापूर महामार्गावर मोडनिंबजवळ वरवड्याचा टोलनाका आहे. तिथे टोल ठरतो तो गाडी किती मोठी यावर. टेम्पोत डाळिंबं कुणाच्या बागेतली आहेत, हे कुणी विचारत नाही. इंटरनेटवरही असंच असावं, याला नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात. डेटा किती वापरला त्याचे पैसे घ्या, पण तो कुठल्या ॲपसाठी वापरला यावरून दर किंवा वेग बदलू नका.

२०१५ मध्ये हे तत्त्व पणाला लागलं. एअरटेलने 'एअरटेल झिरो' आणलं. ॲपवाल्या कंपनीने पैसे भरायचे आणि ग्राहकाला ते ॲप फुकट. टीका होताच फ्लिपकार्टने त्यातून अंग काढून घेतलं. ट्रायकडे दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. मग फेसबुकचं 'फ्री बेसिक्स' आलं, म्हणजे निवडक साइट्स फुकट. त्याच्या समर्थनार्थ मार्क झुकरबर्गने वृत्तपत्रात लेख लिहिला आणि उदाहरण दिलं ते महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचं. हवामान आणि बाजारभाव त्याला फुकट कळत असतील, तर बिघडलं कुठे?

मुद्दा बिनतोड वाटतो. पण कुठल्या साइट्स दिसणार, याचे नियम फेसबुक ठरवणार होतं. उद्या मोडनिंबच्या एखाद्या पोराने बाजारभावाचं चांगलं ॲप काढलं, तर फुकटवाल्या ॲपपुढे त्याचा टिकाव कसा लागणार? ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने अशा भेदभावाच्या दरांवर बंदी घातली. दंड दिवसाला ५० हजार रुपये, जास्तीत जास्त ५० लाख.

वेगाचा वाद २०२० मध्ये पेटला. एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाने महागड्या प्लॅनच्या ग्राहकांना नेटवर्कवर प्राधान्य देऊ केलं, आणि जुलैमध्ये ट्रायने ते थांबवायला सांगितलं. इथे भेदभाव ॲपमध्ये नाही, ग्राहकांमध्ये होता. पण टॉवरची क्षमता ठरलेली असते. संध्याकाळी सगळं गाव ऑनलाइन असताना कुणाला पुढे काढलं, की दुसरा कुणीतरी मागे पडतोच.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. टॉवर आणि स्पेक्ट्रमचा खर्च त्यांचा, व्हिडिओवर कमाई दुसऱ्यांची. काही कामांना वेगळी वाट लागते, हेही खरं. २०१८ मध्ये केंद्राने नियम मान्य करताना दूरस्थ शस्त्रक्रियेसारख्या सेवांना सूट ठेवलीच. आता ५जीमध्ये एकाच नेटवर्कचे वेगवेगळे कप्पे करता येतात. त्यातला कुठला कप्पा 'विशेष सेवा' आणि कुठला नुसता महागडा रस्ता, यावर पुढची भांडणं होतील.