इंद्रायणीच्या पुराचा हिशेब
संगणकीय प्रारूप आणि नदीकाठची शेती

तळवडे येथील नदीकाठच्या शेतकऱ्यांना एक गोष्ट वाडवडिलांपासून ठाऊक आहे. गावावर उघडीप असते, शेतात भांगलण चालू असते आणि तरीही इंद्रायणी गढूळ होऊन चढू लागते. याचे कारण नदीच्या उगमाकडे आहे. सुमारे चाळीस किलोमीटर पश्चिमेस असलेल्या लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पुण्याच्या बाजूस ही सरासरी जेमतेम सातशे मिलिमीटरांच्या आसपास येते. म्हणजे तळवड्याचा पूर तळवड्याच्या आभाळात दिसत नाही. ज्याची मोटर काठावर आहे, त्याला मावळात काल रात्री काय झाले हे कळणे आवश्यक असते.

ही माहिती वेळेवर मिळावी आणि तिच्यावरून पुढील पाण्याचा अंदाज बांधता यावा, यासाठी महाराष्ट्राच्या जलसंपदा विभागाने कृष्णा आणि भीमा या दोन खोऱ्यांकरिता संगणकीय यंत्रणा उभारली. इंद्रायणी तुळापूर येथे भीमेस मिळते, त्यामुळे ती भीमा खोऱ्यातच मोडते. केंद्र व राज्य शासनाच्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे २००६ ते २०१४ या काळात, जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने हे काम झाले. प्रारूप तयार करण्यासाठी डेन्मार्कच्या जलसंशोधन संस्थेचे तांत्रिक साहाय्य घेण्यात आले. पुढे २०१६ मध्ये केंद्र शासनाने सुमारे ३,६८० कोटी रुपयांचा राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्प मंजूर करून अशा कामांची व्याप्ती देशभर वाढविली.

प्रारूप म्हणजे काय, हे समजून घेणे कठीण नाही. एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा लाख लिटर पाणी होते. शंभर चौरस किलोमीटरांवर शंभर मिलिमीटर पाऊस झाला, तर सुमारे ०.३५ अब्ज घनफूट, म्हणजे एक टीएमसीच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडे अधिक. परंतु हे सर्व पाणी नदीत येत नाही, आणि खरा प्रश्न येथेच आहे. मृगाच्या पहिल्या शंभर मिलिमीटरांत तापलेली जमीन बहुतेक पाणी पिऊन टाकते, ओढ्याला नावापुरती धार येते. तोच पाऊस श्रावणात, भातखाचरे तुडुंब असताना पडला, तर ओढा पात्राबाहेर जातो. प्रारूपात हा फरक धरलेला असतो. त्यात जमिनीची जणू तीन भांडी कल्पिलेली आहेत: एक पृष्ठभागाचे, दुसरे पिकांच्या मुळांच्या थराचे, तिसरे भूजलाचे. वरचे भांडे भरले की पाणी वाहू लागते, काही खालच्या भांड्यात झिरपते, काही ऊन आणि पिके उडवून नेतात. प्रत्येक उपखोऱ्यासाठी हा हिशेब रोजच्या रोज चालतो. नदीत उतरलेले पाणी पुढे किती वेगाने व किती उंचीने सरकेल, हे नदीपात्राच्या मोजलेल्या आडव्या छेदांवरून काढले जाते. त्यासाठी वापरली जाणारी मूळ समीकरणे १८७१ मध्ये एका फ्रेंच अभियंत्याने मांडली होती. ती हाताने सोडविण्यास पूर ओसरून जाईपर्यंत वेळ लागला असता. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात (स्थापना १९१६) नद्यांच्या व धरणांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांत प्रत्यक्ष पाणी सोडून अभ्यास केला जातो. संगणकात तीच नदी आकड्यांत वाहते.

अर्थात आकडे खोटे असतील, तर नदीही खोटी वाहणार. प्रारूपाची सारी भिस्त पर्जन्यमापकांवर व नदीच्या पातळीच्या नोंदींवर आहे. स्वयंचलित पर्जन्यमापकात दोन छोट्या वाट्या असतात; ठरावीक पाऊस साचला की एक वाटी उलटते आणि उलटण्याची नोंद आपोआप केंद्राकडे जाते. वाटीत पाला अडकला किंवा शेजारच्या झाडाची फांदी वर आली, की पाऊस कमी दिसतो. घाटमाथ्यावर मैलागणिक पाऊस बदलत असल्याने एका यंत्राची चूकही लहान राहत नाही. यास्तव अशा यंत्राच्या कुंपणाला जनावर बांधू नये, त्यावर कपडे वाळत घालू नयेत, ही सूचना क्षुल्लक वाटली तरी क्षुल्लक नाही.

धरणांच्या बाबतीत या हिशेबाचे मोल अधिक आहे. पाणी लवकर सोडले आणि पुढे पाऊस रुसला, तर रब्बीचे आवर्तन कमी होते. फार काळ अडवून धरले आणि वरून लोंढा आला, तर एकाएकी मोठा विसर्ग करावा लागतो व खाली पंढरपूरपर्यंतच्या काठांना त्याचा फटका बसतो. उजनी १९८० मध्ये पूर्ण झाले. तेथे पोहोचणारे पाणी मुळा-मुठा, इंद्रायणी, भामा, घोड अशा अनेक नद्यांचे असते. सर्वांचे पूर एकाच रात्री एकत्र येतील काय, हे कोणा एका धरणावरील अभियंत्यास सांगता येणार नाही. संपूर्ण खोऱ्याचे प्रारूप ते सांगू शकते. मात्र मावळातील कित्येक ओढे कोणत्याही धरणाविना सरळ इंद्रायणीत उतरतात. त्यांच्या पाण्यास दरवाजे नाहीत, फक्त पूर्वसूचना आहे.

आणखी एक अडचण तळवडे-चिखली-निघोजे पट्ट्यात विशेष जाणवते. प्रारूपातील नदी जुन्या मोजणीची असते, काठ मात्र वर्षागणिक बदलतो. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची सीमा म्हणजे निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची सीमा म्हणजे लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत राडारोडा टाकून जागा उंच केली, की पाणी समोरच्या शेतात शिरते आणि छेदांचा हिशेबही चुकतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानुसार चिखली येथील निळ्या रेषेतील ३६ बंगले मे २०२५ मध्ये पाडण्यात आले. भरावाचे ढीग मात्र बंगल्यांइतके डोळ्यांत भरत नाहीत.

शेतकरी बांधवांनी विसर्गाची वार्ता ऐकताना एक हिशेब ध्यानी ठेवावा. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदास सुमारे २८ लिटर. दहा हजार क्युसेक पाणी चोवीस तास चालले, तर सुमारे ०.८६ टीएमसी होते. पण एवढ्याने आपल्या बांधापर्यंत पाणी येईल की नाही, ते कळत नाही. त्यासाठी घाटाच्या भिंतीवर किंवा विहिरीच्या कठड्यावर पुराच्या वेळी पाणी जेथवर आले तेथे तेलरंगाने रेघ मारून तारीख, वेळ व त्या दिवशी जाहीर झालेला विसर्ग लिहावा. दोन-तीन पावसाळ्यांत कोणत्या आकड्याला मोटर वर ओढावी, कोणत्या आकड्याला गोठा मोकळा करावा, हे त्या भिंतीवरच वाचता येते. जलसंपदा विभागाच्या उपविभागीय कार्यालयास या रेघांची माहिती द्यावी; प्रारूप पडताळण्यास अशी प्रत्यक्ष पूरखूण उपयोगी पडते.