मद्यासक्त वाहनचालक आणि औषधोपचार

१८९७ साली लंडन शहरात दारूच्या अमलाखाली भाड्याची मोटारगाडी हाकणाऱ्या एका चालकास न्यायालयाने दंड ठोठावला. या प्रकारच्या अपराधाची ही पहिली शिक्षा मानली जाते. पुढे १९३६ साली नॉर्वे देशाने चालकाच्या रक्तात किती अल्कोहोल असल्यास तो अपराधी समजावा, याची मर्यादाच कायद्याने आखून दिली व इतर देशांनीही तोच मार्ग पत्करला. भारतात १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या १८५ व्या कलमान्वये ही मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अशी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्याच अपराधाची पुनरावृत्ती झाल्यास शिक्षा अधिक कडक आहे.

कायदा इतका स्पष्ट असता काही माणसे त्याच अपराधासाठी पुनःपुन्हा न्यायालयापुढे का उभी राहतात? याचे उत्तर शोधताना शिक्षा झालेल्या चालकांत दोन प्रकारची माणसे असतात, हे ध्यानात घेतले पाहिजे. एखाद्या समारंभात चार घोट अधिक घेऊन गाडीवर बसलेला मनुष्य हा पहिला प्रकार. दंड व मानहानी यांनी तो बहुधा शहाणा होतो. दुसरा प्रकार मद्यासक्ताचा. एकदा प्यावयास लागल्यावर थांबणे त्याच्या हाती उरत नाही. दारू न मिळाल्यास त्याचे हात कापतात, झोप उडते, क्वचित झटकेही येतात. शिक्षेचे भय परिणामांचा विचार करणाऱ्यावर चालते, आणि मद्यासक्ती नेमकी ही विचारशक्तीच दुबळी करून टाकते.

यंत्राच्या साहाय्याने या माणसाला आवरण्याचा प्रयत्न अनेक देशांत झाला आहे. गाडीत एक उपकरण बसवितात. चालकाने त्यात फुंकर मारावयाची आणि श्वासात अल्कोहोल आढळल्यास इंजिन सुरूच होत नाही. जोवर हे उपकरण गाडीत असते तोवर अपराध निश्चितच कमी होतात. ते काढून घेतले की हा लाभ बव्हंशी नाहीसा होतो, असा अनुभव आहे. यंत्राने गाडी अडविली, तृष्णा अडविली नाही. तेथून पुढचे काम वैद्यकाचे आहे.

या कामी वापरल्या जाणाऱ्या औषधांपैकी सर्वांत जुने म्हणजे डायसल्फिराम. डेन्मार्कमधील येन्स हाल्ड व एरिक याकोबसेन हे संशोधक या द्रव्याची जंतांवरील औषध म्हणून परीक्षा करीत होते. त्यांनी ते स्वतः घेऊन पाहिले, आणि त्यानंतर थोडीशी दारू घेताच प्रकृती बिघडते असे त्यांना आढळून आले. हा शोध १९४८ साली प्रसिद्ध झाला. त्यामागील कारण असे. यकृत अल्कोहोलचे प्रथम अ‍ॅसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्यात व नंतर निरुपद्रवी अ‍ॅसिटेटमध्ये रूपांतर करते. डायसल्फिराम यांपैकी दुसरी पायरी रोखून धरते. मग विषारी द्रव्य रक्तात साचते. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात. थोडक्यात, हे औषध तृष्णा मारीत नाही. ते दारूच्या वाटेवर पहारेकरी उभा करते.

नाल्ट्रेक्सोन या औषधाची रीत निराळी आहे. दारू पोटात गेली की मेंदूत अफूसदृश नैसर्गिक द्रव्ये पाझरतात व सुखाची भावना निर्माण होते. ती द्रव्ये मेंदूतील ज्या ग्राहकांवर जाऊन बसतात, त्या जागा नाल्ट्रेक्सोन आधीच अडवून ठेवते. पिण्यातला आनंद ओसरतो, त्याबरोबर पुढचा पेला भरण्याची ओढही मंदावते. अमेरिकेत १९९४ साली मद्यासक्तीवर याच्या गोळ्यांस, व २००६ साली महिन्यातून एकदा द्यावयाच्या इंजेक्शनास मान्यता मिळाली. अकँप्रोसेट हे तिसरे औषध दारू सोडलेल्या माणसाला ती सुटलेलीच ठेवण्यास मदत करते.

शिक्षा झालेल्या चालकांवर हा उपचार कितपत लागू पडतो? अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात वारंवार पकडल्या गेलेल्या मोजक्या चालकांना नाल्ट्रेक्सोनची मासिक इंजेक्शने देऊन पाहण्यात आली. त्या प्रयोगाचा वृत्तान्त २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे पिणे घटले, तसेच श्वासात अल्कोहोल आढळल्यामुळे गाडी सुरू न होण्याचे प्रसंगही कमी झाले. मात्र माणसे थोडी होती व तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. म्हणून हा निष्कर्ष आशादायक म्हणावा, सिद्ध म्हणू नये.

दुसरा एक अनुभव मुंबईचा आहे. तो चालकांचा नव्हे, परंतु येथे उपयोगी पडणारा आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात शंभर मद्यासक्त पुरुषांपैकी निम्म्यांना डायसल्फिराम व निम्म्यांना नाल्ट्रेक्सोन देण्यात आले, आणि औषध वेळेवर घेतले जाते की नाही यावर घरच्या माणसांनी लक्ष ठेवले. वर्षाअखेरीस डायसल्फिराम घेणाऱ्यांपैकी शेकडा ८६, तर नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्यांपैकी शेकडा ४४ जण दारूपासून दूर राहिले होते. दारूची ओढ मात्र नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्यांतच कमी होती. ज्या औषधाचा भर धाकावर आहे, ते कोणाच्या तरी नजरेखाली घेतले गेले तरच फलदायी ठरते, असा बोध यातून घेता येतो.

मग न्यायाधीशाने शिक्षेऐवजी औषधच का फर्मावू नये? येथे सावधगिरी हवी. डायसल्फिराम घेणाऱ्याने दारू प्यायल्यास हृदयरोग्याच्या जिवावर बेतू शकते. अफूजन्य वेदनाशामके घेत असलेल्यास नाल्ट्रेक्सोन देता येत नाही. अकँप्रोसेट देण्यापूर्वी मूत्रपिंडांची तपासणी आवश्यक असते. म्हणून कोणाला कोणते औषध द्यावे हे डॉक्टरनेच ठरविले पाहिजे, आणि ते घ्यावे की नाही याचा निर्णय, धोके समजून घेऊन, रुग्णाने केला पाहिजे. न्यायालयाने तपासणीचा व उपचाराचा दरवाजा उघडून द्यावा. त्यातून मनुष्याला ढकलू नये.

आपल्याकडे १८५ वे कलम कारावास व दंड यांपुढे जात नाही. तथापि १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमानुसार चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्या अपराध्यास मादक पदार्थांपासून दूर राहण्याची अट न्यायालय घालू शकते. मद्यासक्ताला ही अट पाळण्याचे बळ बहुधा केवळ निश्चयाने येत नाही. त्याला औषध, समुपदेशन व घरच्यांचा आधार यांची जोड लागते. परवाना काढून घेतल्याने आजचा रस्ता सुरक्षित होतो. उद्याचा रस्ता सुरक्षित व्हावयाचा असेल, तर त्या माणसाच्या रोगाकडेही पाहावे लागेल.