दिवे गेले तरी इफ्तार वेळेवर

रमजान एका ऋतूत मुक्काम करीत नाही. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असते. त्यामुळे हा महिना दर वर्षी तेवढा अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. पलूस भागातल्या रोजादारांना यातून आणखी एक अनुभव मिळतो. लाइट जाण्याची जेवढी म्हणून कारणे आहेत, त्या सगळ्यांची गाठ कधी ना कधी रोज्यांशी पडते. २००९ मध्ये गणपतीची प्रतिष्ठापना आणि पहिले रोजे एकाच आठवड्यात आले. तो काळ भारनियमनाचा होता. २०१७ आणि २०१८ चे रोजे ऐन वळवाच्या दिवसांत आले. संध्याकाळी वारा सुटला, तारेवर फांदी पडली की अख्खी गल्ली अंधारात. २०२२ चा रमजान ३ एप्रिलला सुरू झाला आणि त्याच एप्रिलमध्ये कोळशाच्या टंचाईमुळे राज्यात पुन्हा भारनियमन आले. त्या वर्षी ३ मे रोजी ईद आणि अक्षय्य तृतीया एकाच दिवशी होती. शिरखुर्मा काय किंवा आमरस-पुरी काय, दोन्ही स्वयंपाकघरांत पहिला प्रश्न एकच होता : लाइट टिकेल ना?

लाइट गेली की सगळ्यांचीच अडचण होते. मग रोजादाराचे वेगळे काय? वेगळेपण वेळेत आहे. एरवी स्वयंपाक तासभर मागेपुढे करता येतो. सेहरी मात्र पहाट फुटण्याआधीच उरकावी लागते आणि सूर्य मावळला की इफ्तारला उशीर करायचा नसतो. त्यात या दोन्ही वेळा उजेडाच्या सीमेवरच्या. म्हणजे दिव्याची गरज सर्वांत जास्त असते, नेमके तेव्हाच चुलीपाशी उभे राहायचे असते. आणि तिथे उभी असते बहुतेक घरात बाई, जिचा स्वतःचाही रोजा असतो.

म्हणून ज्या घरात रात्रीच थोडी तयारी होते, त्या घराची पहाट सोपी जाते. वाटण आधीच करून ठेवले तर मिक्सरवाचून अडत नाही. नाहीतर खलबत्ता ओट्यावर काढून ठेवावा. कणीक मळून झाकलेली असावी. पिण्याच्या पाण्याची कळशी आणि वजूसाठी एक बादली भरलेली असावी, कारण लाइट नसली की मोटर चालत नाही आणि वरची टाकी रिकामी असेल तर नळही मुका. वजूला पाणी थोडे पुरते. एका तांब्यात नीट होते. फ्रिजचे दार उघडले नाही तर आतला थंडावा साधारण चार तास टिकतो. म्हणून इफ्तारसाठीचे सरबत, कापलेली फळे एकाच खेपेला बाहेर काढावीत. लाइट गेल्यावर फ्रिज, टीव्हीची बटणे बंद करावीत. ती परत येताना कधी कधी दाब कमी-जास्त होतो आणि त्यात वस्तू जळतात.

उजेडाचे म्हणाल, तर आपला भाग कंदिलाचा जाणकार. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत तयार होणारा ‘प्रभाकर’ कंदील एके काळी महाराष्ट्रभर घराघरांत टांगलेला असे. आज माळ्यावर तो सापडला तरी रॉकेल कुठून आणायचे, हा प्रश्न आहेच. चार्जिंगचा दिवा बरा. मेणबत्ती लावायचीच असेल तर ताटलीत पाणी घालून मध्ये लावावी आणि पडद्यापासून दूर ठेवावी. सेहरीच्या गडबडीत, अर्धवट झोपेत, ओढणीचे टोक कुठे जाते ते कळत नाही.

अंधारात मशिदीचा भोंगाही गप्प होतो. तेव्हा मुअज्जिन साध्या आवाजात अजान देतो. ती चार घरांपलीकडे जात नाही, मग ज्याला ऐकू आली तो पुढच्या दारात सांगतो. रोजा सुटतो तो सूर्यास्ताने. अजान ही त्याची खबर. म्हणून वेळापत्रकाचा छापील कागद भिंतीवर असावा आणि एक सेलवरचे घड्याळही. मोबाइलची बॅटरी संपली तरी या दोन गोष्टी चालू राहतात.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. काही घरांत लाइट म्हणजे औषध असते. कुणाचे श्वासाचे यंत्र विजेवर चालते, कुणाचे इन्सुलिन फ्रिजमध्ये असते. इन्सुलिन बंद डब्यात घालून माठाच्या गारव्यात ठेवण्याचा उपाय आपल्याकडे डॉक्टरही सांगतात. आपल्या डॉक्टरांना तो आधीच विचारून ठेवावा. श्वासाच्या यंत्राला मात्र माठाचा उपयोग नाही. त्याला शेजाऱ्याचा इन्व्हर्टर लागतो.

इथेच रोजा आणि अंधार एकमेकांना भेटतात. भूक काय असते हे भरल्या पोटी कळत नाही, म्हणून रोजा. तसे ज्याच्या घरी इन्व्हर्टर आहे, त्याला लाइट गेल्याचे कधी कधी कळतसुद्धा नाही. शेजारच्या घरात म्हातारी गरमीत बसलेली असते, दहावीचा मुलगा पुस्तक मिटून ओट्यावर येतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या महापुराने भिलवडीसह नदीकाठच्या गावांनी असा अंधार पाहिला आहे. तेव्हा कोण कुठल्या देवाचा, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

रोजच्या रात्रीही पाहा. शेतीपंपाला थ्री फेज वीज आळीपाळीने दिवसा आणि रात्री मिळते. ज्या आठवड्यात रात्रपाळी, त्या आठवड्यात उसाला पाणी पाजायला शेतकरी बॅटरी घेऊन मध्यरात्री बाहेर पडतो. तो परत येतो तेव्हा मुसलमानाच्या घरात सेहरीचा तवा तापलेला असतो. दोघेही त्या घटकेला जागे. त्याला हाक मारून एक कप चहा देणे यात सवाब आहेच, आणि येता-जाता तारेवर पडलेली फांदी किंवा लोंबणारी तार कुठे दिसली ते त्याच्याकडून कळते. अशा तारेजवळ कुणी जाऊ नये, १९१२ या क्रमांकावर कळवावे आणि तोवर गल्लीतली पोरे लांब ठेवावीत.

दुसऱ्याचा रोजा सोडवण्याचे पुण्य आमच्याकडे मोठे मानतात. त्यासाठी दर वेळी खजूरच लागतो असे नाही. अंधाऱ्या संध्याकाळी शेजाऱ्याच्या दारात ठेवलेला एक चार्जिंगचा दिवा, टाकी भरलेली असेल तर दिलेल्या दोन कळश्या, इन्व्हर्टरच्या वायरीवर लावू दिलेला कुणाचा फोन, हेही त्यातच येते. आज रात्री झोपण्याआधी बॅटरी कुठे ठेवली आहे ते घरातल्या प्रत्येकाला सांगा. आणि शेजारी कुणाच्या घरी आजारी माणूस आहे, ते आठवून ठेवा.