फोकलेले बी आणि 'ब्रॉडकास्ट'

'ब्रॉडकास्ट' हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांत रेडिओबरोबर आला. परंतु इंग्रजीत तो रेडिओच्या प्रसारणापूर्वी सुमारे दीडशे वर्षे शेतात वावरत होता. 'ब्रॉड' म्हणजे रुंद आणि 'कास्ट' म्हणजे फेकणे. बी ओळीत न पेरता मुठीने चौफेर फेकणे हा त्याचा मूळ अर्थ. १७६० नंतरच्या दशकात तो छापील इंग्रजीत आढळतो. पुढे १९२० च्या सुमारास रेडिओवाल्यांनी शेतकऱ्याचा हा शब्द उचलला. तार एका माणसाच्या नावे जात असे. रेडिओचा आवाज मात्र ज्याच्यापाशी यंत्र असेल त्या कोणालाही मिळतो.

जालना जिल्ह्यातल्या शेतमजुराला हा फरक शिकवायला नको. तिफणीच्या चाड्यावर मूठ धरली की बी नळ्यांतून ठरलेल्या ओळींत उतरते. फोकलेले बी पडेल तेथे पडते. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे 'महिको' स्थापन केली आणि जालना बियाण्यांसाठी देशभर ओळखले जाऊ लागले. त्याच १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी जमिनीसाठी देशव्यापी सत्याग्रह केला व हजारो माणसे तुरुंगात गेली. बी एका गोष्टीने उगवत नाही. ज्याच्या हाती मूठ आहे त्याच्या पायाखाली स्वतःचे वावरही लागते.

येथे विद्यार्थ्यांचा एक गोंधळ दूर केला पाहिजे. देवनागरीत लिहिताना 'ब्रॉडकास्ट'मधला 'कास्ट' आणि जात या अर्थाचा 'कास्ट' सारखेच दिसतात. त्यांचे कुळ मात्र वेगळे आहे. फेकणे या अर्थाचा शब्द उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला. जातिवाचक शब्द पोर्तुगीज 'कास्ता'वरून आला. त्याचा अर्थ वंश, कूळ. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तो येथल्या जातींना लावला. एक शब्द मूठ उघडतो, दुसरा कुंपण घालतो. उच्चार जवळचे असले तरी व्यवहार उलटे आहेत.

हा विरोध १९३६ साली प्रत्यक्ष दिसला. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अध्यक्ष म्हणून बोलावले, भाषणातील विचार पाहून कचरले आणि परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. पहिल्या आवृत्तीच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या व अनेक भाषांत अनुवाद सुरू झाले. एका सभागृहाने नाकारलेला विचार मुठीमुठीने देशभर पसरला. पुढे ३ ऑक्टोबर १९५४ रोजी रेडिओवरून बोलताना त्यांनी स्वातंत्र्य, समता व बंधुता हे आपले तत्त्वज्ञान फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, तर बुद्धाकडून घेतले असल्याचे स्पष्ट केले.

आकाशवाणीचे ब्रीदही 'बहुजनहिताय बहुजनसुखाय' हेच आहे. ते ज्या उपदेशातून आले, त्यात बुद्धाने आपल्या पहिल्या साठ भिक्खूंना दोघांनी एका वाटेने न जाण्यास सांगितले होते. एकाच वाटेने सगळे गेले तर एकच ओळ उगवते. वाटा वेगळ्या झाल्या म्हणजे रान व्यापते. यालाच खऱ्या अर्थाने 'ब्रॉडकास्ट' म्हणावे.

कार्यकर्त्याने मात्र शेतकऱ्याचा आणखी एक अनुभव ध्यानी घ्यावा. बी फोकल्यावर त्यावर माती सारावी लागते. नाहीतर पाखरे ते टिपून नेतात, उरलेले उन्हात वाळते. जयंतीच्या दिवशी ध्वनिक्षेपकावरून केलेले भाषण हे फोकलेले बी आहे. दुसऱ्या दिवशी वस्तीत वाचनवर्ग भरला, मुलाच्या हाती पुस्तक पडले, गायरानाच्या अर्जाचा पाठपुरावा झाला, तरच त्यावर माती पडली असे समजावे. भाषणे आपल्याकडे पुष्कळ होतात; मातीचे काम करणारी माणसे वाढवणे हे आज आपल्यापुढचे काम आहे.