कुशलप्रश्न कीं दंडुका?

परोपकारासही उंबरठ्याची मर्यादा असते. १८९७ सालीं पुण्यांत प्लेगचे रोगी शोधून त्यांस रुग्णालयांत न्यावें, हा सरकारचा हेतु वाईट नव्हता. परंतु प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँडसाहेब यांनीं त्या कामीं गोरे शिपाई नेमले. ते थेट माजघरांत, देवघरांत शिरूं लागले. लोक भयानें रोग्यांसच लपवूं लागले. २२ जून रोजीं रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली.

तोच प्रश्न आज नवी मुंबईंत निराळ्या रूपानें उभा राहतो. मुलें परदेशीं, वृद्ध पिता सदनिकेंत एकटा. फोन उचलला जात नाहीं, म्हणून ११२ वर खबर जाते व पोलीस दाराशीं येतात. आंतील मनुष्य भ्रमिष्ट होऊन अंगावर धांवला तर? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचें कलम १०० सांगतें कीं, अशास संरक्षणांत घेतल्यास चोवीस तासांचे आंत सरकारी रुग्णालयांत न्यावें; कोठडींत कदापि ठेवूं नये. म्हणजे तो रोगी आहे, आरोपी नव्हे.

वाचकहो, घराची दुसरी किल्ली व डॉक्टरांचें नांव विश्वासू शेजाऱ्यापाशीं ठेवा. पोलिसांनींही दार मोडण्यापूर्वीं ओळखीच्या माणसाकडून हांक मारवावी. पुण्याचा धडा हाच कीं, धाकानें मिटलेलें दार मदतीसही उघडत नाहीं.